पाय पायडलाला बांधावा का?

सायकल घ्यायला गेलेला माणूस चाकं पाहतो, ब्रेक दाबून पाहतो, गिअर किती ते तर दुकानदार न विचारताच सांगतो. पायडलाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. वास्तविक तुमच्या पायांतलं सारं बळ चाकापर्यंत पोचतं ते तळव्याहूनही लहान अशा या तुकड्यातून. लांबवर सायकल हाकायचा विचार असेल, तर थोडा वेळ त्याच्याकडे द्यायला हरकत नाही.

पायडलं ढोबळमानानं तीन तऱ्हांची. एक सपाट. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना रबरी ठोकळ्यांचं असतं ते याच जातीचं. दुसऱ्या तऱ्हेत पायडलाला पुढे एक पिंजरा आणि चामड्याचा किंवा नायलॉनचा पट्टा असतो. त्याला टो-क्लिप म्हणतात. तिसरं ‘क्लिपलेस’. मौज अशी की, पाय सर्वांत घट्ट अडकतो तो याच ‘क्लिप नसलेल्या’ पायडलात! नावाचा अर्थ एवढाच की, पुढचा तो पिंजरा इथे नाही. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा एक तुकडा स्क्रूनं बसवलेला असतो. पाय खाली दाबला की तो पायडलातल्या स्प्रिंगच्या जबड्यात खटकन अडकतो. टाच बाहेर वळवली की सुटतो.

ही युक्ती आली बर्फावरून. घसरपट्टीवर पडलेल्या माणसाचा पाय मोडू नये म्हणून बूट आपोआप सोडणारे खटके ‘लुक’ ही फ्रेंच कंपनी बनवीत असे. तेच तत्त्व तिनं 1984 साली सायकलीच्या पायडलाला लावलं. पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, बर्नार इनो यानं ती पायडलं वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली, आणि शर्यतींतून पट्टे भराभर नाहीसे झाले. जपानच्या शिमानो कंपनीनं 1990 साली लहान क्लीटची पद्धत काढली. यात क्लीट बुटाच्या तळात खोल बसतो, त्यामुळे उतरून चालता येतं. शर्यतीच्या मोठ्या क्लीटवर फरशीवरून चालणं म्हणजे कसरतच.

आता या बांधण्याचा फायदा काय? दुकानात सांगतात, पाय वर येतानाही ओढता येतो, म्हणून ताकद दुप्पट! हे काही खरं नव्हे. प्रयोगशाळांत मोजून पाहिलं आहे: साध्या चालीत कसलेला सायकलपटूही वर फारसं ओढत नाही. खाली जाणारा पायच काम करतो. वर येणाऱ्या पायानं आपला भार त्याच्यावर टाकला नाही, म्हणजे पुष्कळ झालं. खरा लाभ निराळा आहे. मिनिटाला नव्वद फेऱ्या मारताना, खड्ड्यातून जाताना किंवा पावसात पाय जागचा हलत नाही. चवड्याचा फुगीर भाग पायडलाच्या आसावर राहतो, आणि बोरघाटासारख्या चढावर उभं राहून जोर लावताना पाय निसटण्याची धास्ती राहत नाही.

पण जे पायाला धरून ठेवतं, तेच पाडतंही. क्लिपलेस नव्यानं वापरणारा बहुधा पडतो तो वेगात नव्हे, तर सिग्नलला थांबताना. सायकल थांबते, पाय अडकलेला, आणि माणूस सावकाश, सर्वांच्या देखत, आडवा होतो! लोक हसतात. शेजारून बस जात असेल, तर मात्र हसण्याजोगं काही उरत नाही. म्हणून जबड्याची स्प्रिंग प्रथम अगदी सैल ठेवा आणि मैदानात गवतावर पाय सोडण्याचा सराव करा. थांबण्याच्या बऱ्याच आधी डावा पाय सोडवा. आपण डावीकडून चालतो, तेव्हा टेकायचं तेही डावीकडेच. टो-क्लिपचा पट्टा आवळलेला असेल, तर तो हातानं सैल करावा लागतो. गर्दीत हँडल सोडून खाली वाकणं आलं. मला विचाराल, तर शहरात पट्टा आवळूच नये. सैल पट्ट्यातून पाय सरळ मागे ओढला की निघतो आणि कोणताही साधा बूट चालतो. स्वस्त आणि मधली वाट म्हणून टो-क्लिप मला अजून आवडते, जरी तरुण मंडळी तिला म्हातारी म्हणत असली तरी.

गुडघ्याचंही ऐका. क्लीट वाकडा बसला, तर तीच चुकीची हालचाल तासाला हजारो वेळा होते आणि गुडघा धरतो. टाच थोडी इकडेतिकडे हलू देणारे क्लीट मिळतात, तेच घ्यावेत.

तेव्हा कॉलेज, कचेरी, मंडई, आणि पायात चपला, असा तुमचा प्रवास असेल, तर सपाट पायडलच बरं. फक्त पाऊस ध्यानात घेऊन रबराऐवजी बारीक खिळ्यांचं, रुंद असं घ्या. पण साडेतेरा तासांत 200 किलोमीटर पुरी करायची ब्रेव्हेसारखी मोहीम मनात असेल, तर लहान क्लीटचं क्लिपलेस घ्यावं आणि महिनाभर आधी सवय करावी. मोहिमेच्या आदल्या दिवशी नव्हे. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला जबडा, अशीही पायडलं मिळतात. ज्यांची सायकल एकच, त्यांना ती सोयीची.

पायडलं घरीच बदलणार असाल, तर एक ध्यानात ठेवा, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पान्याचा दांडा वर धरून मागच्या चाकाकडे ओढलात की दोन्ही पायडलं सुटतात. नवी बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा.