बेतणे आले की शिवणे येते

आपल्या वस्त्यांमध्ये पुष्कळ घरांत शिवणयंत्र दिसते. कुणाला ते लग्नात मिळालेले असते, कुणी कर्ज काढून घेतलेले असते, तर कुणाला एखाद्या संस्थेने समारंभपूर्वक दिलेले असते. परंतु त्यातील बऱ्याच यंत्रांवर आज चादर टाकलेली असते आणि चादरीवर धुतलेल्या कपड्यांची चवड असते. बँकेत कर्जखात्याचे काम पाहताना हे चित्र मी अनेकदा पाहिले आहे. मशीन घेणारी बाई आळशी नसते. तिने वर्ग केलेला असतो, सरळ टीप मारता येते, फॉल-पिको करता येतो. तरी गिऱ्हाईक ब्लाउजचे कापड घेऊन आले की ती म्हणते, "बेतून आणा, मी शिवून देते." आणि जी दुसऱ्याने बेतलेले शिवते, तिच्या हाती टिपांची मजुरी तेवढी येते.

शिवणकामात खरी विद्या बेतण्याची आहे. टीप मारणे हा सरावाचा भाग आहे. कापडावर माप उतरवून, न घाबरता कात्री चालविणे ही विद्या ज्या भगिनीला आली, ती स्वतःच्या धंद्याची मालकीण होते. ही विद्या कशी शिकावी, याची माहिती या लेखात थोडक्यात दिली आहे.

धम्माच्या इतिहासातील शिवण

शिवणकाम हे हलके काम आहे असे कुणी समजत असेल तर त्याने विनयपिटक पाहावे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत, सुईचा समावेश आहे. महावग्गात अशी हकीकत आहे की, दक्खिणागिरीकडे जाताना भगवान बुद्धांनी मगधातील शेते पाहिली. लांब पट्टे, आखूड पट्टे, मधले बांध व बांधांचे चौक अशी त्यांची रचना होती. तशा रचनेचे चीवर करता येईल काय, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने ते करून दाखविले, आणि थोडक्यात सांगितलेले विस्ताराने जाणणारा म्हणून भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. चीवराच्या या तुकड्यांना पाली भाषेत स्वतंत्र नावे आहेत: कुसि, अड्ढकुसि, मंडल, अड्ढमंडल, मानेजवळचे गीवेय्यक, पोटरीजवळचे जंघेय्यक. म्हणजे आधी आराखडा, मग कापणी आणि शेवटी शिवण, हा क्रम तेथेही आहे.

चुल्लवग्गात तर शिवणाच्या साधनांची चर्चाच आहे. बोटे दुखू लागली म्हणून अंगुस्तानाला अनुमती मिळाली. सुया गंजू लागल्या म्हणून सुईघराला अनुमती मिळाली. टाके वाकडे जाऊ लागले म्हणून 'मोघसुत्तक' या खुणेच्या दोऱ्याला अनुमती मिळाली. आज आपण खडूने रेघ मारतो ती याच कारणासाठी. वर्षावासानंतर कठीण चीवर एकाच दिवसात कापून, शिवून, रंगवून पूर्ण करावयाचे असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

भगिनींसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. भिक्खुनींना पाच चीवरे सांगितली आहेत. त्यांतील 'संकच्चिका' हे वस्त्र छाती झाकण्यासाठी आहे. ते गळ्याच्या हाडाखाली आणि नाभीच्या वर असावे, असे त्याचे वर्णन आहे. स्त्रीच्या शरीराची गरज ओळखून तिच्यासाठी वेगळे वस्त्र सांगणारी ही जुनी नोंद आहे. त्या नोंदीतही कोठून कोठपर्यंत हे माप दिलेले आहे.

पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर केलेले भाषण आपण जाणतोच. लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते, त्या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी ते लगेच मनावर घेतले. वस्त्र आणि स्वाभिमान यांचा संबंध आपल्या आज्या-पणज्यांना तेव्हाच कळला होता.

चोळीने शिकविलेले

ब्लाउज येण्यापूर्वी महाराष्ट्रात चोळी होती. खणाचे कापड कर्नाटकातील गुळेदगुड्ड या गावाहून येई. एका खणात एक चोळी बसे. चोळीला बटण नव्हते, हुक नव्हते. पुढची दोन टोके छातीखाली गाठ मारून बांधीत. खणाचा काठ बाहीच्या टोकाला आणि खालच्या पट्टीला येईल असेच कापड बेतावे लागे. सारे काम हाताने होई, आणि कापड मोजके असल्याने चुकीला जागा नसे.

चोळीत काखेखाली एक लहान चौकोनी किंवा त्रिकोणी तुकडा जोडीत. त्याला कळी म्हणतात. या कळीमुळे हात वर केला तरी चोळी वर सरकत नसे आणि काखेत फाटत नसे. डोक्यावर पाटी घेणारी, दळणारी, खुरपणारी बाई याच चोळीत दिवसभर काम करी. आजही कष्टाचे काम करणाऱ्या बाईचा ब्लाउज काखेत वारंवार उसवत असेल तर मुंढा अधिक खोल कापू नये. मुंढा खोल गेला की हात वर करताना सगळा ब्लाउजच वर ओढला जातो. त्याऐवजी कळी लावून पाहावी. जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

माप घेणे

माप घेताना बाईने नीट बसणारा ब्लाउज घातलेला असावा व श्वास नेहमीसारखा असावा. टेप अंगाला टेकलेली असावी, आवळलेली नसावी. उंची, खांदा, छाती, छातीखालचा घेर, कंबर, पुढचा गळा, मागचा गळा, बाहीची उंची, दंडघेर आणि खांद्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर, इतकी मापे वहीत तारखेसह लिहावीत. शेवटचे माप पुष्कळ जणी घेत नाहीत आणि मग टक्स भलत्याच ठिकाणी येतात. माप आडोशाला आणि आदराने घ्यावे. गिऱ्हाईक संकोचले की माप चुकते.

बेतणे

समजा, छाती ३२ इंच आहे. तिचा चौथा भाग ८ इंच. त्यात सैलपणासाठी अर्धा इंच आणि बाजूच्या शिवणीसाठी दीड इंच माया धरली की घडीवर १० इंचांवर खूण येते. चार भाग मिळून ४० इंच होतात. त्यातून चारही बाजूंची माया, म्हणजे ६ इंच वजा केले की तयार ब्लाउज ३४ इंचांचा होतो. हे गणित एकदा समजले की ३६ किंवा ४० छातीला कुणाला विचारावे लागत नाही. मुंढ्याची खोली काढताना मी छातीचा सहावा भाग अधिक दीड इंच धरते. ३२ छातीला ती पावणेसात इंचांच्या आसपास येते. प्रत्येक शिक्षिकेची रीत थोडी वेगळी असते, परंतु कोणतीही एक रीत पक्की करावी.

पुढचा भाग मागच्यापेक्षा सुमारे एक इंच लांब ठेवावा, कारण छातीच्या उंचवट्यावर कापड खर्च होते. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत कोरावा. चार टक्सच्या ब्लाउजमध्ये एक टक्स खालून, एक बटणपट्टीकडून, एक मुंढ्यातून आणि एक बाजूने येतो. चौघांचीही टोके छातीच्या मध्याकडे वळलेली असावीत, पण सुमारे एक इंच अलीकडेच थांबावीत. टोक मध्यापर्यंत गेले तर तेथे चोच येते. कटोरी ब्लाउजमध्ये गोल भाग वेगळा कापून जोडतात, म्हणून तेथे टक्सचे पुष्कळसे काम जोडशिवणच करते.

कात्री लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. कापडाचा उभा धागा ब्लाउजच्या उंचीच्या दिशेने आहे ना, हे पाहावे. धागा तिरका गेला तर दोन धुण्यांत ब्लाउज पिळवटतो. अस्तराचे सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरचे कापड फुगते. आणि डावा-उजवा भाग समोरासमोर ठेवूनच कापावा. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जाणे ही नवशिक्या मुलीची नेहमीची चूक आहे. बाहीची पुढची गोलाई अधिक खोल असते, हे ध्यानात ठेवून त्या बाजूस खडूने खूण करावी.

माया हा शब्द आपल्या शिंप्यांनी किती योग्य योजला आहे! शिवणीच्या आत राखलेले कापड बाहेरून दिसत नाही, परंतु अंग भरले, बाळंतपण झाले, की तेच उपयोगी पडते. बाजूला दीड इंच माया ठेवलेला ब्लाउज वर्षानुवर्षे टिकतो. कापड वाचविण्यासाठी माया कापणारी शिवणारीण गिऱ्हाईक गमावते.

कच्चा टाका आणि हातकाम

पक्की टीप मारण्यापूर्वी खांदे व बाजू कच्च्या टाक्याने जोडून ब्लाउज अंगावर घालून पाहावा. अर्धा तास जातो खरा, पण उसवण्याचे दोन तास वाचतात. गळ्याला लावायची पट्टी उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापावी, तरच ती गोलाईवर चुणी न पडता बसते. हुकाची पट्टी आत वळवावी, आयपट्टी बाहेर राखावी. गळा, बाही व खालची दुमड यांची हातशिलाई करावी आणि बाहेरून टाका दिसू नये. ब्लाउज उलटा करून पाहिला की शिवणारीची योग्यता कळते.

शिकण्याचा क्रम

पहिले पंधरा दिवस मशीनला हात लावू नये. धावदोरा, उलटटीप, हातशिलाई, काज आणि हुक हाताने शिकावे. नंतर मशीनमध्ये दोरा न ओवता रेघांच्या कागदावर सरळ व गोल टिपा माराव्यात. तिसऱ्या पायरीला एक जुना, नीट बसणारा ब्लाउज उसवून त्याचे सगळे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून रेखाटावेत. पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा हा एक उसवलेला ब्लाउज अधिक शिकवितो. मग आई, बहीण आणि शेजारीण अशा तीन वेगळ्या बांध्यांच्या स्त्रियांची मापे घेऊन कागदी नमुने करावेत. ते मांजरपाटावर कापून, शिवून, अंगावर घालून पाहावेत आणि चुका वहीत लिहाव्यात. गिऱ्हाइकाचे कापड यानंतरच हाती घ्यावे.

रोजचे दोन तास दिले तर सहा महिन्यांत साधा ब्लाउज स्वतः बेतता येतो, असा माझा अनुभव आहे. मला स्वतःला आठ महिने लागले. पहिला ब्लाउज आईचा होता. मुंढा इतका आवळ झाला की तिला हात वर करता येईना. तिने तो टाकला नाही. काखेत कळी लावून घातला, आणि मला कळी लावणे त्या दिवशी समजले.

संस्थेसाठी एक सूचना

२०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पण ही योजना आधीपासून त्या व्यवसायात असणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे कर्ज आणि मशीन नंतर येतात, विद्या आधी यावी लागते.

म्हणून मशीनवाटपापूर्वी आपण बेतण्याचा वर्ग भरवावा. त्यासाठी एक लांब टेबल, दोन चांगल्या कात्र्या, टेप, खडू, मांजरपाट आणि एक आरसा एवढे पुरे. वस्तीतील जुन्या शिवणाऱ्या स्त्रियांना शिकविण्यास बोलवावे. त्यांच्या बोटांत असलेले ज्ञान कुठल्याही पुस्तकात आलेले नाही, आणि त्या गेल्या की तेही जाईल. जी मुलगी तीन वेगळ्या बांध्यांच्या स्त्रियांचे ब्लाउज स्वतः माप घेऊन, बेतून, शिवून त्यांच्या अंगावर नीट बसवून दाखवील, तिलाच प्रमाणपत्र द्यावे. अशा मुलीच्या घरी मशीन दिले तर त्यावर चादर पडणार नाही.

जय भीम!