सामाईक डेटाबेसमधील गट आणि अधिकार

एकाच डेटाबेसवर, म्हणजे संगणकात तक्त्यांच्या रूपाने रचून ठेवलेल्या माहितीच्या साठ्यावर, अनेक जण काम करू लागले की कोणी काय वाचावे, कोणी बदलावे आणि कोणी पुसावे हे ठरवावे लागते; आणि हे अधिकार माणसागणिक सुटे देत गेल्यास काही वर्षांनी कोणाकडे काय आहे, हे व्यवस्थापकालाही सांगता येत नाही. अधिकार माणसाला न देता त्याच्या कामाला द्यावेत, या विचाराची नेमकी मांडणी डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये केली.

पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीत २००५ पासून वापरकर्ता आणि गट या दोहोंना ‘रोल’ हीच एक संज्ञा आहे. एखाद्या रुग्णालयात ‘नोंदणी’ या रोलला रुग्णांचा तक्ता वाचण्याचा व त्यात भर घालण्याचा अधिकार ‘ग्रँट’ या आज्ञेने एकदा दिला, की नव्या कारकुनाला त्या रोलचे सदस्यत्व देणे पुरते आणि बदली होताच ते ‘रिव्होक’ने काढून घेता येते.

खरी कसोटी मात्र अधिकार काढून घेतानाच लागते, कारण पोस्टग्रेसमध्ये सर्व मार्गांनी मिळालेल्या अधिकारांची बेरीज होते आणि मनाई नोंदवण्याची सोय नसते. त्यामुळे ‘नोंदणी’ आणि ‘लेखा’ या दोन्ही रोलना एकच तक्ता खुला असेल, तर एकाचे सदस्यत्व गेल्यावरही दुसऱ्या वाटेने तो वाचता येतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डिनाय’ ही स्पष्ट मनाईची आज्ञा आहे व गटाकडून मिळालेल्या परवानगीपेक्षा ती सामान्यतः वरचढ ठरते. पोस्टग्रेसमध्ये ‘पब्लिक’ नावाचा एक अदृश्य गटही असतो, ज्यात प्रत्येक जण आपोआप मोडतो. २०२२ मधील १५ व्या आवृत्तीपूर्वी, व्यवस्थापकाने मुद्दाम रोखले नसेल तर, डेटाबेसशी जोडला गेलेला कोणीही याच नावाच्या सामाईक कप्प्यात स्वतःचे तक्ते तयार करू शकत असे, आणि रुग्णांची माहिती सांभाळणाऱ्याने ही गोष्ट क्षुल्लक मानणे मुळीच योग्य नव्हते.

सर्व तक्त्यांवर दिलेला अधिकार त्या क्षणी असलेल्या तक्त्यांपुरताच लागू होतो, पुढच्या तक्त्यांसाठी पूर्वनियोजित अधिकार वेगळे ठरवावे लागतात. तक्ता निर्माण करणारा त्याचा मालक ठरतो व मालकी दुसऱ्याकडे सोपवल्याशिवाय किंवा तो तक्ताच काढून टाकल्याशिवाय त्याचा रोल प्रणालीतून काढता येत नाही. म्हणूनच मालकी व्यक्तीकडे न ठेवता, ज्याच्या नावाने कोणालाच प्रवेश करता येत नाही अशा गटाच्या रोलकडे ती आरंभापासून ठेवणे श्रेयस्कर असते.