श्रीरामपूर: स्टेशनाभोवती वसलेलं गाव

जुनं गाव बेलापूर. प्रवरेच्या काठचं. 1878 साली दौंड-मनमाड रेल्वेमार्ग झाला आणि या गावासाठीचं स्टेशन काही किलोमीटर दूर माळावर आलं. त्या स्टेशनाभोवती वाढलेली वस्ती म्हणजे आजचं श्रीरामपूर. स्टेशनाच्या पाटीवर मात्र अजूनही बेलापूरच!

नुसत्या रेल्वेने इथे बाजारपेठ उभी राहिली नसती. ती उभी केली पाण्याने. अकोले तालुक्यातलं भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून दोन्ही तीरांच्या कालव्यांत शिरतं. ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू रानात ऊस आला, हरिगावला आणि टिळकनगरला साखर कारखाने निघाले. बागायतदाराला पेंड, खत, इंजिनाचे सुटे भाग, मोटार भरून देणारा कारागीर, उचल देणारा अडत्या हे सगळं जवळ हवं होतं; ते स्टेशनाशेजारी मिळू लागलं. गावाच्या इतिहासात या दुकानदार-कारागिरांची नोंद कारखानदारांइतकीच ठळक असायला हवी. पुढे श्रीरामपूर तालुक्याचं ठाणं झालं. बेलापूर आज त्याच तालुक्यात मोडतं.