शरणपूरची आफ्रिकी मुलं

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, इतिहास थोडा अधिक वाचलेल्याला मलिक अंबर. ज्यांच्या वाट्याला ना किल्ला आला ना दरबार, अशा आफ्रिकी माणसांची गोष्ट मात्र आपण विसरून गेलो, आणि तीही आपल्या नेहमीच्या वाटेवरची. ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरमधून निघून माजिवडा ओलांडला की नाशिकचा महामार्ग लागतो. त्याच्या त्या टोकाला, आज शरणपूर रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांचा आश्रम होता.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार अडवत असे. त्यातली माणसं मुंबई, एडन, सेशेल्स अशा बंदरांत उतरवली जात. कागदावर ती मुक्त झाली, पण घरी कुणी पोहोचवलं नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेल्या शरणपुरात पुढे यांतली काही मुलं आली. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली. आईने ठेवलेलं नाव मागे पडून वेनराइट, फरार, वेलिंग्टन अशी नावं त्यांना लागली.

१८६४ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट विकायला झांझिबारहून मुंबईला निघाला. कोळसा अवघा १४ टन, म्हणून बराचसा भरवसा शिडांवर. बोटीवर झांबेझीकाठचे सात जण होते, त्यांनी याआधी समुद्र पाहिलाही नव्हता. सोबत चुमा आणि विकतानी ही दोन मुलं, १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवलेली. ४५ दिवसांनी, १३ जूनला, ऐन मृगात बोट मुंबईला लागली. मुलं डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत गेली. बोटीवरचेच सुसी आणि अमोडा हे दोघे गोदीत कामाला लागले.

जानेवारी १८६६ मध्ये हे चौघे लिव्हिंग्स्टनबरोबर 'थूल' बोटीने आफ्रिकेला परत निघाले. बरोबर शरणपूरचे नऊ तरुण होते. ही बोट मुंबई सरकारने झांझिबारच्या सुलतानाला भेट म्हणून धाडली होती, ज्याच्या शहरात गुलामांचा बाजार तेव्हाही भरत होता आणि १८७३ पर्यंत भरत राहिला. लहानपणी जिथून पळवून नेलं त्याच मुलखात हे तरुण आता वाटाडे आणि कारागीर म्हणून उतरले.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. त्याचं काळीज तिथल्याच झाडाखाली पुरलं गेलं; प्रार्थना म्हटली आणि झाडावर अक्षरं कोरली ती शरणपूरच्या जेकब वेनराइटने. मग देह उन्हात सुकवून त्याच्यासोबतचे सगळे किनाऱ्याकडे निघाले. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने, कॅमेरॉनने, देह इथेच पुरा असं सुचवलं, पण त्यांनी ऐकलं नाही. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोहोचले. १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाच्या वेळी शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होता.

इंग्लंडने यांच्यासाठी पदकं काढली ती 'शेवटपर्यंत निष्ठावान' म्हणून. मला हे कौतुक अपुरं वाटतं. केवळ धन्यावरच्या निष्ठेने ती वाट पार पडली नसती. अनोळखी मुलखात तांडा कसा चालवायचा, आजारी माणसांना कसं सांभाळायचं, पुढच्या गावच्या प्रमुखाशी कसं बोलायचं हे त्यांना ठाऊक होतं. मालकच उरला नव्हता, तेव्हा ते बसले, आपसात बोलले आणि निर्णय घेतला. तो निर्णय त्यांचा होता, आणि इतिहासात तो त्यांच्या नावावर हवा.

शरणपूरच्या माणसांना मात्र पुन्हा दुसऱ्यांच्या निर्णयाने समुद्र ओलांडावा लागला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसवलं गेलं आणि त्यांना तिकडे नेण्यात आलं. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. त्यांच्याआधी, १८६४ मध्येच, शरणपुरात लोहारकाम शिकलेला विल्यम जोन्स मोंबासाजवळच्या राबाईला गेला होता. लहानपणी तो स्वतः विकला गेलेला. राबाईत तो धर्मोपदेशक झाला आणि मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना तिथे थारा मिळू लागला. १८८८ मध्ये मालक आपला 'माल' परत मागायला आले, तेव्हा तिथल्या इंग्रज कंपनीने पैसे मोजून तडजोड केली. १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेहून अधिक जणांना सुटकेचे कागद मिळाले.