कोरडे आकडे, ओल्या भिंती

पनवेल तालुक्यातल्या रोडपालीत गणपतीनंतर एक फेरी मारली, तर कुठल्या इमारतीची कुठली भिंत नैर्ऋत्येकडे आहे हे होकायंत्राशिवाय कळतं. झड तिनेच खाल्लेली असते. बाहेर काळपट शेवाळ, आत गिलाव्याला सुटलेले पोपडे, तळाशी चढलेला लोणा. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि हा पट्टा नव्या शहराच्या आराखड्यात आला. तेव्हापासून इथल्या भिंतींचा माल दोनदा बदलला. तो मोजायची पद्धत मात्र त्या वेगाने बदलली नाही.

सुरुवात भाजलेल्या विटेची. तिची पाण्याची परीक्षा आयएस 3495 या मानकाच्या 1976 च्या आवृत्तीत अगदी तपशिलाने दिली होती. वीट 105 ते 115 अंश सेल्सिअसला भट्टीत वाळवायची, वजन स्थिर झालं की नोंदवायचं, मग 24 तास पाण्यात बुडवून ठेवायची. बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसायची आणि तीन मिनिटांत पुन्हा तोलायची. साध्या विटेने वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तरी चालतं. म्हणजे तीन किलोची वीट 600 ग्रॅम पाणी पोटात घेऊन उत्तीर्ण होते.

उष्णतेची मोजणी याहून अवघड. तापवलेल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना नमुने ठेवायचे, बाहेरच्या बाजू थंड ठेवायच्या आणि उष्णतेचा प्रवाह स्थिर होईपर्यंत तासन्‌तास थांबायचं. नमुना ओला असेल, तर तेवढ्या वेळात ओल गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते आणि जे मोजायचं तेच बदलून जातं. म्हणून नमुने वाळवून घ्यायचा रिवाज पडला. प्रयोगशाळेपुरता तो योग्यच आहे.

भारतीय मानक ब्युरोच्या 1987 च्या एसपी 41 या हँडबुकात विटेची उष्णतावाहकता 0.811, प्रबलित काँक्रीटची (आरसीसी) 1.58 आणि हलक्या सच्छिद्र काँक्रीटची 0.188 (वॅट प्रति मीटर केल्विन) दिली आहे. आर्किटेक्ट वर्षानुवर्षं यांवरच हिशेब करत आले. हलका ब्लॉक महाराष्ट्राला नवा नव्हता. सिपोरेक्स हे स्वीडनमधलं तंत्र बांधकाम उद्योजक बी. जी. शिर्के यांनी 1970 च्या दशकात पुण्यात आणलं, आणि आजही कुठल्याही कंपनीचा ब्लॉक असला तरी गवंडी त्याला सिपोरेक्सच म्हणतो. कागदावर तो विटेच्या जेमतेम पाव उष्णता आत सोडतो. पण त्याचा हा सगळा गुण पोटातल्या हवेचा. स्थिर हवेची वाहकता सुमारे 0.026, पाण्याची 0.6. छिद्रांत हवेच्या जागी पाणी शिरलं की वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेणारा पदार्थ तिथे येऊन बसतो. बाहेरच्या गिलाव्याला तडे गेलेली सिपोरेक्सची भिंत जुलैत कोष्टकातली राहत नाही. त्यानंतर आलेल्या मायव्हनच्या, म्हणजे साच्यात जागीच ओतलेल्या, सलग काँक्रीट भिंती पाणी कमी पितात, पण विटेच्या जवळजवळ दुप्पट उष्णता वाहतात, आणि जाडीलाही कमी असतात.

मधल्या काळात कामच झालं नाही असं नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातल्या बांधकाम साहित्याचे औष्णिक गुणधर्म नव्याने मोजून प्रसिद्ध केले. थोड्या वेळात मोजणारी उपकरणं आल्याने ओल्या नमुन्याची मोजणीही आवाक्यात आली. डिसेंबर 2018 मध्ये घरांसाठी इको-निवास संहिता आली. आपल्या उष्ण-दमट पट्ट्यात भिंती, खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा घातली. ही मोठी गोष्ट आहे. तरी त्या सूत्रात भिंतीच्या ओलीला जागा नाही. राजस्थानात त्याने फारसं बिघडत नसेल; चार महिने पावसात उभ्या असणाऱ्या पनवेल तालुक्यात बिघडतं.

पनवेल, नवी मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावं. एकाच भिंतीची ओल आणि उष्णतावहन मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरात मोजावं, आकडे जाहीर करावेत. आणि इथे घर घेणाऱ्यांनी बिल्डरकडे ब्लॉकच्या जलशोषण चाचणीचा अहवाल मागावा. तो मागायला पैसे पडत नाहीत.