उजेड आपला, अंधार समोरच्याचा

रात्री नऊनंतर महामार्गाला लागलेल्या माणसाला हल्ली रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याचा उजेड जास्त दिसतो. दूरवर एक ठिपका चमकतो, बघता बघता त्याचा पांढराशुभ्र गोळा होतो आणि तो अंगावरून निघून गेला की दोन-तीन क्षण डोळ्यांपुढे नुसता काळोख उरतो. त्या दोन-तीन क्षणांत ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी पन्नास-साठ मीटर पुढे गेलेली असते. चालक आंधळा, मागच्या सीटवर मुलेबाळे झोपलेली आणि पुढे काय आहे, ते एक देवच जाणे!

असा अनुभव दोन-चारदा आला की गृहस्थ गॅरेज गाठतो. तिथे उपाय तयारच असतो. ‘साहेब, शंभर-नव्वदचा बल्ब टाका. रात्रीचा दिवस होईल!’ समोरचा डिपर देत नाही, मग आपण तरी का मागे राहायचे, असा विचार करून गृहस्थ होकार देतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोरून येणारा आणखी कुणी तरी त्याच गॅरेजची वाट धरतो. ही शर्यत अशी घरोघरी पोचली आहे. तिच्यात जिंकते कोण, हे मात्र कुणी तपासत नाही.

एक बल्ब, दोन तारा

मोटारीचा दिवा म्हणजे विजेरी नव्हे. कित्येक जुन्या आणि काही नव्या गाड्यांत असणारा एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब १९७१ पासून चालत आलेला आहे. त्याच्या पोटात दोन तारा असतात. ६० वॅटची तार ‘अप्पर’ची, ५५ वॅटची ‘डिपर’ची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी बसवलेली असते. या वाटीमुळे तारेचा उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर वळतो. वाटीची एक कड तिरपी कापलेली असल्याने आपल्याकडे उजेड डाव्या अंगाला थोडा वर चढतो. कडेने चालणारा माणूस दिसावा, पण समोरच्याचे डोळे दिपू नयेत, अशी ही योजना. ही सारी कारागिरी तार अगदी ठरलेल्या जागी असण्यावर उभी आहे. ती मिलिमीटरभर सरकली तरी उजेडाचा आकार विसकटतो.

आता बल्ब ९० वॅटचा घातला तर काय होते? उजेड साधारण पावणेदोनपट होतो. पण अंतर दुप्पट झाले की त्याच जागेवर पडणारा उजेड चौथाई उरतो, हा प्रकाशाचा जुना नियम आहे. म्हणजे पावणेदोनपट उजेडाने नजरेचा पल्ला वाढला तरी तो फार तर तिसऱ्या हिश्शाने. डिपरच्या बाबतीत तेवढाही नाही. जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असलेला दिवा नेहमीप्रमाणे दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर खाली झुकवलेला असेल, तर त्याच्या झोताची वरची कड ६५ मीटरवर जमिनीला टेकते. बल्ब कितीही वॅटचा घाला, ती कड पुढे सरकत नाही. उलट गाडीसमोरचा रस्ताच जास्त उजळतो, त्या उजेडाला डोळ्याची बाहुली आकसते आणि पलीकडचा अंधार अधिकच गडद वाटतो. मग माणूस दिवाच थोडा वर उचलून घेतो. त्याच क्षणी त्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

किंमत एवढ्यावर थांबत नाही. ५५ ऐवजी ९० वॅट म्हटले की तारेतला प्रवाह दीडपटीहून अधिक होतो आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे अडीचपटीहून जास्त वाढते. मूळचे वायरिंग त्यासाठी घातलेले नसते. होल्डर वितळणे, स्विचचे पॉइंट जळणे, प्लॅस्टिकच्या परावर्तकाची चकाकी करपणे, हे सारे त्यातूनच उद्भवते. नशीब फिरले तर बॉनेटखाली धूर निघतो.

पांढऱ्या उजेडाची भुरळ

झेनॉनचे दिवे १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सात मालिकेतल्या मोटारीवर आले. ३५ वॅटमध्ये ते हॅलोजनच्या डिपरच्या सुमारे तिप्पट उजेड देतात. म्हणूनच युरोपच्या नियमांनी अशा दिव्यांना आपोआप पातळी साधणारी यंत्रणा आणि काच धुण्याची सोय सक्तीची केली. आपल्या बाजारात मात्र नुसता ‘किट’ आला. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात तो बसवला की उजेडाचा उगम बदलतो आणि किरण वाटेल तिकडे फाकतात. स्वस्त एलईडी बल्बचेही तेच. पाकिटावर हजारोंचे आकडे असतात, पण रस्त्यावर किती आणि आभाळात किती, ते पाकीट सांगत नाही. जर्मनीत २०२० मध्ये बदली एलईडी बल्बला प्रथम परवानगी मिळाली, तीही गाडीच्या एकेका मॉडेलवर चाचणी करून. हा उद्योग ‘कुठल्याही गाडीला चालेल’ असा नाही, हे त्यावरून कळावे.

निळसर बल्बची गोष्ट तर आणखी मजेची. साध्या हॅलोजनला निळा मुलामा दिला की तो मुलामा काही उजेड अडवतो. म्हणजे जादा पैसे मोजून आपण कमी उजेड घरी आणतो.

डोळ्यांचेही वय असते

या शर्यतीत ज्यांचा विचार कोणी करत नाही, ते म्हणजे वयस्क चालक. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे तिसरा हिस्साच उजेड पोचतो. भिंग जाड आणि पिवळसर झालेले असते, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा झोत डोळ्यातच विखुरतो. दिपल्यावर सावरायलाही वेळ लागतो. लग्नाहून परतताना ‘काका, तुम्ही नका चालवू रात्री’ असे पुतण्या म्हणतो, ते काही उगीच नव्हे.

आणि ज्यांच्याकडे दिवाच नाही त्यांचे काय? गळिताच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू असतात. कित्येकींना मागे लाल दिवा नसतो, असला तर उसाच्या मोळ्यांआड गेलेला असतो. समोरून येणाऱ्या झगझगीत मोटारीने आपण दिपलो, की याच गाड्या आपल्याला दिसत नाहीत. म्हणजे उजेड वाढवणारा एक, दिपणारा दुसरा आणि मरणारा तिसराच!

कायद्याला हे ठाऊक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दिव्याच्या पुढे ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये, असा झोत खाली वळलेला हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहनात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पण रात्रीच्या घाटात पोलीस कुठे कुठे उभा राहणार?

मग करायचे काय?

उजेड वाढवण्याचे प्रामाणिक मार्ग आहेत आणि ते स्वस्तही आहेत. पहिला, दिव्याची काच. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी, धुरकट होते. ती पॉलिश करून घ्यावी. दुसरा, वीज. जुन्या गाडीत गंजलेले सांधे आणि बारीक तारा यांतच व्होल्टेज गळते. बॅटरीपाशी साडेतेरा आणि बल्बपाशी बाराच व्होल्ट पोचले, तर उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून रिले, योग्य फ्यूज आणि नीट अर्थिंग घालून घेतले, की जुनाच ६०/५५ चा बल्ब नव्यासारखा पेटतो. तिसरा, दिव्याची पातळी. सपाट जागी, भिंतीसमोर ती तपासून घ्यावी. डिकी सामानाने भरली की गाडीचे नाक वर होते, त्यासाठी बहुतेक मोटारींत डॅशबोर्डवर एक छोटे चाक असते. ते फिरवणारे किती जण भेटतात?

चौथा उपाय फुकटचा आहे. ताशी ८० च्या वेगात धोका ध्यानात येऊन गाडी थांबेपर्यंत सुमारे ७५ मीटर लागतात. डिपरची कड ६५ मीटरवर संपते. ताशी ६० वर हेच अंतर पन्नास मीटरच्या आत येते. म्हणजे डिपरवर चाललेल्या गाडीला बल्ब बदलून जे मिळत नाही, ते अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल करून मिळते.

ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’च्या जोडीला रात्री डिपर वापरण्याची विनवणी रंगवलेली असते. रात्ररात्र रस्त्यावर काढणाऱ्या माणसांची ती विनवणी आहे. समोरच्याला रस्ता दिसला तरच तो आपल्या बाजूला येणार नाही, एवढा साधा हिशेब त्यांना कळलेला आहे.