गोरखी : सत्ता आणि कारभार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्यालगत असलेला गोरखी हा शिंद्यांचा जुना वाडा. इथल्याच शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. शिंदे घराणे आणि वाजपेयी यांच्याशी जोडलेले सत्ताबदलाचे तीन प्रसंग असे :

● १९४८ : ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. कारभार मंत्रिमंडळाकडे गेला.

● १९६७ : राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने मध्य प्रदेशातील द्वारकाप्रसाद मिश्र यांचे काँग्रेस सरकार पडले. गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. पक्षांतरावर उभे राहिलेले त्यांचे सरकार दोन वर्षेही टिकले नाही.

● १९९९ : लोकसभेत २६९ विरुद्ध २७०. एका मताने विश्वास गमावताच पंतप्रधान वाजपेयींनी राजीनामा दिला.

सरकार पाडायला आकडे पुरतात. कारभार करणाऱ्याला मात्र सभागृहापुढे रोज जाब द्यावा लागतो.